अंगण खरोखरच वाकडं असेल तर

‘नाचता येईना अंगण वाकडं’ या म्हणीत दोष कायम नाचणारीच्या पदरात पडतो. अंगणाला पाणसळ लावून कुणी कधी पाहिलं असेल असं वाटत नाही. पण कारखान्यातल्या धुराच्या डक्टवर बसवलेला लेझर गॅस ॲनालायझर पाहिला की अंगणाच्या बाजूनेही कुणीतरी चार शब्द बोलायला हवेत असं वाटू लागतं. इथे अंगण खरोखर वाकडं असतं, तापलं की एकीकडे आणि निवलं की दुसरीकडे वाकतं. आणि तरीही त्याच्यावर खटला भरला जातो तो नेमका अशा दिवशी, ज्या दिवशी बिचाऱ्याने काही केलेलं नसतं. रचना तशी साधी आहे. डक्टच्या एका भिंतीवर लेझर सोडणारा ट्रान्समीटर, समोरच्या भिंतीवर तो झेलणारा रिसीव्हर, आणि मध्ये चार-पाच मीटर रुंदीचा, तीन-साडेतीनशे अंश तापलेला, राखेने गढुळलेला धूर. ज्या वायूची चौकशी करायची त्याचे रेणू अगदी ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश गिळतात. किती गिळला ते मोजलं की वायू किती आहे ते कळतं. नमुना बाहेर काढायला नको, पंप नको, गरम ठेवलेल्या लांबच लांब नळ्या नकोत. दोघांनी समोरासमोर उभं राहून एकमेकांकडे नीट बघत राहायचं, एवढंच. हे बघणं जुळवण्याच्या कामाला इन्स्ट्रुमेंटवाले ‘अलाइनमेंट’ म्हणतात. माझं म्हणणं असं, की ती जितक्या वेळा केली जाते तितक्या वेळा तिची गरज नसते. बिघडलेलं असतं दुसरंच काही. मग पाना फिरतो, आणि त्यानंतर अलाइनमेंटही बिघडते.

ज्यांच्या गच्चीवर एके काळी दूरदर्शनचा ॲन्टेना होता त्यांना या कामाची पद्धत समजावून सांगावी लागणार नाही. एक जण वर, एक जण खाली. वरचा फिरवतो, खालचा ओरडतो. ‘आलं, आलं’ म्हणेपर्यंत गेलेलं असतं. फरक इतकाच, की ॲन्टेना फिरवताना निदान पडद्यावर मुंग्या तरी दिसायच्या. इथे काहीच दिसत नाही. अमोनिया शोधणारा लेझर साधारण १५१२ नॅनोमीटरचा असतो, म्हणजे डोळ्याच्या आवाक्याच्या कितीतरी पलीकडे. ऑक्सिजनवाला ७६० नॅनोमीटरचा, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या अगदी उंबरठ्यावर, आणि उंबरठ्याच्या बाहेरच्या बाजूला. लाल रेघ धुरातून सळसळत जाते आहे असं दृश्य फक्त सिनेमात. प्रत्यक्षात एक माणूस जाळीच्या प्लॅटफॉर्मवर उकिडवा बसून चार बोल्टांपैकी एक पाव वळसा सैल करतो, समोरचा तेवढाच कसतो, आणि डक्टच्या पलीकडचा माणूस रिसीव्हरला मल्टिमीटर लावून आकडे वाचतो. मध्ये धूर ओढणाऱ्या आयडी फॅनचा आवाज इतका, की ‘वाढतंय’ आणि ‘घटतंय’ यांतलं फक्त शेवटचं अनुस्वारयुक्त ‘तंय’ ऐकू येतं. वॉकी-टॉकी असते, पण एकाच्या बॅटरीचं चार्जिंग राहिलेलं असतं. आणि शिडी व प्लॅटफॉर्म बहुधा ट्रान्समीटरच्याच बाजूला असतो. रिसीव्हरच्या बाजूला प्लॅटफॉर्म लागेल हे ड्रॉइंग काढणाऱ्याच्या ध्यानात आलेलं नसतं, कारण ड्रॉइंगवर तिथे जायला शिडी लागत नाही. अशा परिस्थितीत जुळवायचं काय, तर पाच मीटरवर एक अंशाची चूक म्हणजे किरण ८७ मिलिमीटर बाजूला पडतो, आणि अंशाच्या दहाव्या भागाची चूक म्हणजे जवळजवळ ९ मिलिमीटर. झेलणारं भिंग काही सेंटिमीटरचं. तेव्हा हे काम नाजूक आहे, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो ते केव्हा करायचं यावर.

घोळाची सुरुवात पडद्यावरच्या एका आकड्यापासून होते. ट्रान्समिशन : ३२ टक्के. आपल्या समाजात टक्के हा शब्द निर्विकार मनाने वाचता येणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. बत्तीस टक्के म्हणजे नापास, काठावरसुद्धा नाही. कंट्रोल रूममध्ये चेहरे पडतात, ‘गेल्या महिन्यात ऐंशी होते’ अशी तुलना निघते, आणि कुणीतरी ठामपणे सांगतं, ‘अलाइनमेंट आऊट झालीय.’ हे निदान लोकप्रिय असण्याचं कारण म्हणजे त्यात कुणाचाच दोष नसतो. यंत्र जरासं हललं, बस. पण हा आकडा वायूचा नाही. सुटलेल्या प्रकाशापैकी किती पोचला, एवढंच तो सांगतो. वायू मोजण्याची युक्ती वेगळी आहे. हा लेझर एकाच तरंगलांबीवर गप्प बसत नाही. विजेच्या प्रवाहात बारीक चढउतार करून त्याला एका अरुंद पट्ट्यात पुन्हा पुन्हा फिरवतात. पट्ट्याच्या मधोमध वायूची गिळण्याची जागा येते, तिथे सिग्नलला खाच पडते. दोन्ही बाजूंना वायूचा काही संबंध नसतो, तिथे सिग्नल सपाट. मोजायची ती खाचेची खोली, बाजूच्या सपाटीच्या प्रमाणात. आता राख मध्ये आली, काच मळली, किरण थोडा सरकला, तर प्रकाश दोन्हीकडचा सारखाच घटतो. सपाटी शंभरची तीस झाली आणि खाच दोनची सहा-दशांश झाली, तर प्रमाण दोन टक्केच राहतं. बुगेने १७२९ मध्ये, लँबर्टने १७६० मध्ये आणि बिअरने १८५२ मध्ये मिळून जो नियम उभा केला (आणि ज्याच्या प्रचलित नावातून पहिला मान असलेला बुगेच गळाला), त्यात प्रमाणालाच किंमत आहे. म्हणजे बत्तीस टक्के ट्रान्समिशन असलेला ॲनालायझर वायूचं अचूक माप देत असू शकतो, आणि पंच्याण्णव टक्केवाला साफ चुकत असू शकतो.

दुसऱ्या प्रकाराचं उदाहरण घ्यायचं तर ऑक्सिजनचंच घ्यावं, कारण त्याची कुळकथा मोठी गमतीची आहे. १८१४ च्या सुमारास फ्राउनहोफरने सूर्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा नोंदवल्या आणि त्यांना लाल टोकाकडून ‘ए’, ‘बी’, ‘सी’ अशी अक्षरं दिली. त्यातली पहिली, ‘ए’, ७६० नॅनोमीटरजवळची. आजचा ऑक्सिजन ॲनालायझर ज्या रेषांवर पोट भरतो त्या याच घराण्यातल्या. मात्र ही रेघ सूर्याची नव्हे. आपल्याच वातावरणातला ऑक्सिजन वाटेत प्रकाश गिळतो म्हणून ती पडते. हे पटवून देण्यासाठी झान्सेन या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने जे केलं ते वाचून कुठल्याही इन्स्ट्रुमेंट इंजिनिअरची मान आदराने खाली जावी. १८८९ मध्ये आयफेल टॉवर उभा राहिला तेव्हा त्याने टॉवरवरच्या विजेच्या दिव्याचा प्रकाश साडेसात किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या म्यूदाँहून वर्णपटमापकात घेतला, म्हणजे पॅरिसच्या हवेलाच डक्ट बनवलं. तेवढ्यावर समाधान न झाल्यामुळे, हवा कमी झाली की रेघा फिक्या होतात का हे बघायला तो मों ब्लांवर गेला आणि १८९३ मध्ये शिखरावरच्या बर्फात वेधशाळा उभारली. वय सत्तरीला टेकलेलं, एक पाय लहानपणापासून अधू, आणि वाहून नेणारी माणसं अर्थातच दुसरी. (हाच झान्सेन १८६८ च्या ग्रहणाला गुंटूरला आला होता. कोकणात हेलियम विजयदुर्गावर सापडला असं छातीठोकपणे सांगतात. पण त्या शोधाशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते लॉकियर साहेब विजयदुर्गाला आले ते जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, तोवर त्या शोधाला तीस वर्षं होत आली होती. किल्ल्याला त्यामुळे काही कमीपणा येत नाही.) सांगायचा मुद्दा हा, की झान्सेनने एवढी यातायात केली ती किरण सरळ करण्यासाठी नव्हती. वाटेत काय आहे आणि किती आहे, हे त्याला निश्चित करायचं होतं.

डक्टवरही खरी चूक बहुधा वाटेतच लपलेली असते. ट्रान्समीटरची आणि रिसीव्हरची काच थेट धुराला भिडू नये म्हणून तिच्यापुढच्या नळीत सतत स्वच्छ वायू फुंकत ठेवतात; त्याला पर्ज म्हणतात. आता समजा दोन्ही बाजूंना मिळून अशी २० सेंटिमीटर वाट आहे आणि नायट्रोजन महाग म्हणून खर्च वाचवण्यासाठी तिथे साधी हवा जोडली. हवेत ऑक्सिजन २०.९५ टक्के. वीस सेंटिमीटरने गुणलं तर ४१९. डक्टमध्ये ऑक्सिजन ३ टक्के, वाट ५०० सेंटिमीटर, गुणाकार १५००. यंत्राला सगळा मिळून एकच हिशोब दिसतो, आणि तो तीन टक्क्यांवर पाऊण टक्क्याहून जास्त चढवून दाखवतो. शिवाय पर्जची हवा गार म्हणून दाट. तापलेल्या धुरापेक्षा तिच्या प्रत्येक सेंटिमीटरमध्ये रेणू जास्त, त्यामुळे प्रत्यक्ष चूक याहूनही मोठी. बॉयलर चालवणारा ऑक्सिजन जास्त दिसतो म्हणून जळणाला मिळणारी हवा कमी करतो, कोळसा अर्धवट जळतो, कार्बन मोनॉक्साइड वाढतो. आणि या सगळ्या काळात किरण अगदी मधोमध, ट्रान्समिशन अभिमानाने मिरवावं असं. इथे बोल्ट कितीही फिरवले तरी ऑक्सिजनचा आकडा हटणार नाही. तरीही फिरवतात, कारण पाना खिशात असतो आणि नायट्रोजनची लाइन मंजूर करून घ्यायला तीन सह्या लागतात.

बरं, ट्रान्समिशन घसरलंच, तर गुन्हेगार कोण हे ओळखायला डक्टवर चढायचीही गरज नसते. कंट्रोल रूममध्ये गेल्या काही आठवड्यांचा आलेख काढावा. रोज थोडी थोडी, कर्जाच्या व्याजाइतक्या शिस्तीने चाललेली घसरण म्हणजे काचेवर थर साचतोय. औषध एक मऊ कापड, थोडं अल्कोहोल आणि पर्जचा दाब तपासणं. काही तासांत धाडकन खाली गेलं आणि पुन्हा वर आलं नाही, तर पर्जच बंद पडला असेल. लोड वाढला की घटतं, लोड कमी झाला की सुधारतं, असं रोजचं असेल तर मधली राख वाढते किंवा डक्ट तापून हलतो. आणि एका ठरावीक क्षणी, तेही शटडाऊननंतर किंवा शेजारी वेल्डिंग झाल्यानंतर, पायरी उतरावी तसं एकदम खाली आलं, तर हो, तेव्हा अलाइनमेंटकडे बोट दाखवायला हरकत नाही. त्यातही आधी एवढं विचारावं, की इन्शुलेशनची माणसं तिकडे आली होती का. रिसीव्हरचं घर भक्कम असतं, जमिनीपासून सोयीस्कर उंचीवर असतं, आणि वरच्या पाइपाला पत्रा गुंडाळायचा असेल तर त्यावर पाय ठेवण्याचा मोह कुणालाही होईल. यंत्राच्या माहितीपुस्तकात कंपनं, धूळ, पाऊस, विजेचे झटके या सगळ्यांसाठी मर्यादा दिलेल्या असतात. सत्तर किलोच्या पायासाठी दिलेली नसते.

मग डक्ट हलतो त्याचं काय? अंगणाचा मुद्दा आपण सोडलेला नाही. पोलाद दर अंशाला दर मीटरमागे सुमारे १२ मायक्रोमीटर वाढतं. ३० अंशांवर बसवलेला पाच मीटर रुंदीचा डक्ट ३५० अंशांवर गेला की तो सुमारे १९ मिलिमीटरने रुंद होतो. सगळीकडून सारखा फुगला तर किरणाला फारसं काही वाटणार नाही. समोरचा थोडा लांब गेला, इतकंच. पण डक्ट एका जागी जखडलेला असतो, दुसरीकडे सरकता. एका भिंतीला इन्शुलेशन नवीन, दुसऱ्या भिंतीचं उडालेलं. पत्रा मधोमध फुगतो आणि त्यावर जोडलेला, यंत्राला धरून ठेवणारा फ्लँज अर्धा अंश मान वळवतो. अर्धा अंश म्हणजे समोरच्या टोकाला ४४ मिलिमीटर. म्हणून शटडाऊनमध्ये, सगळं गार, शांत आणि हाताला चटका न बसणारं असताना केलेली सुरेख अलाइनमेंट लाइट-अपनंतर काही तासांत नाहीशी होते. हे दरवर्षी होतं आणि दरवर्षी त्याचं आश्चर्य वाटतं. अलाइनमेंट करायची तर डक्ट त्याच्या रोजच्या तापमानावर आल्यानंतर, आणि ते शक्य नसेल तर गार असताना जे जुळतं ते तात्पुरतं, असं कागदावर लिहून. या वाकण्याची जाण यंत्र बनवणाऱ्यांना असतेच. म्हणून ते किरण सुईसारखा बारीक ठेवत नाहीत, थोडा पसरू देतात. समोर पोचेपर्यंत त्याचा ठिपका भिंगापेक्षा मोठा झालेला असतो. बराचसा प्रकाश वाया जातो, पण डक्ट इकडे-तिकडे झाला तरी भिंग ठिपक्याच्या आतच राहतं. हा शहाणपणा आपण मात्र बोल्ट पिळून उलटवायला बघतो. मल्टिमीटरवर आणखी दहा मिलिव्होल्ट मिळाले की हर्ष होतो, आणि ते दहा मिलिव्होल्ट ठिपक्याच्या एका कडेला, एखाद्या तेजाळ डागावर, उभं राहून मिळवलेले असतात. पुढचा हादरा बसला की डाग जातो आणि त्याच्याबरोबर हर्षही.

कुणी विचारेल, इतकं सगळं असेल तर कंपनीने चार बोल्ट आणि मधली जाड ओ-रिंग दिलीच कशाला? प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की फ्लँज वेल्ड करणारा माणूसही देवाचंच लेकरू आहे. दोन भिंतींवर दोन भोकं, समोरासमोर, मध्ये डक्ट, आणि आत जाता येत असेल तरच दोरी ताणता येणार. ‘साहेब, लेव्हल लावून केलंय’ हे तो खरंच सांगतो. लेव्हल लावलेली असते, फक्त प्लॅटफॉर्मला, आणि प्लॅटफॉर्म पावसाचं पाणी निघून जावं म्हणून मुद्दाम उतरता केलेला असतो. अशा एक-दोन अंशांच्या चुका निस्तरण्यासाठी ती ओ-रिंग आहे. सुरुवातीला लेझर लावतच नाहीत. एका बाजूला दिवा आणि दुसऱ्या बाजूला फुलीच्या खुणेची दुर्बीण असं जोडकाम लावून दोन्ही फ्लँज आधी एकमेकांच्या नजरेत आणतात. मग खरा किरण. मग मीटर बघत एक बोल्ट सैल, समोरचा घट्ट, आणि सिग्नल सगळ्यांत वर गेला की थांबायचं नाही, पुढे जायचं. उतार लागेपर्यंत जायचं, मग उलट दिशेला उतार लागेपर्यंत, आणि दोन्ही उतारांच्या मध्यावर येऊन उभं राहायचं; तसंच उभ्या अक्षावर. याला वेळ लागतो, म्हणून बहुतेक जण पहिल्या शिखरावरच झेंडा रोवून खाली उतरतात. ते शिखर कधीकधी खोटं असतं. किरण नळीच्या आतल्या चकचकीत भिंतीवर आपटून परावर्तित होऊन भिंगात शिरत असतो, आणि समोरून बघितलं तर आकडा बरा दिसतो.

परिपूर्ण सरळपणाचा आग्रह इथे आणखी एका कारणाने हास्यास्पद ठरतो. किरण काचेवर अगदी काटकोनात पडला तर काचेवरून परतणारा थोडा प्रकाश लेझरच्या तोंडातच परत जातो आणि लेझर बिचकतो. त्याची तरंगलांबी डळमळते. शिवाय दोन समांतर पृष्ठभागांमध्ये प्रकाश मागे-पुढे उड्या मारायला लागला की तरंग एकमेकांत मिसळून सिग्नलवर लाटांची नक्षी उमटते. ही नक्षी आणि वायूची खाच दिसायला बहिणीबहिणी असतात. वायू अगदी कमी असेल, दहा-वीस दशलक्षांशांचा कारभार, तर यंत्र नक्षीलाच वायू समजतं. म्हणून काचा मुद्दाम एका बाजूला जाड घडवतात आणि किंचित तिरक्या बसवतात. म्हणजे बनवणाऱ्याने विचारपूर्वक दिलेला तिरपेपणा हा या यंत्राचा गुण आहे, आणि त्याच्याकडे डोळे बारीक करून ‘हे जरा वाकडं बसलंय’ म्हणणारा तज्ज्ञ प्रत्येक कारखान्यात एक तरी असतो.

यावर अधिक आधुनिक विचाराचे लोक म्हणतील, समोरासमोरची ही भानगडच नको. एकाच बाजूने आत शिरणारा प्रोब घ्या आणि त्याच्या टोकाला कॉर्नर क्यूब लावा. तीन आरसे एकमेकांशी काटकोनात जोडलेला हा कोपरा किरण कुठूनही आला तरी आल्या दिशेलाच परत पाठवतो. त्याला जुळवावं लागत नाही. १९६९ मध्ये अपोलो ११ ने चंद्रावर ठेवलेले तसले कोपरे अजून पृथ्वीवरचा लेझर परत पाठवतात, आणि तिथे जाऊन आजतागायत कुणी बोल्ट आवळलेला नाही. युक्तिवाद बिनतोड आहे. फक्त डक्टमधल्या धुराला तो माहीत नसतो. प्रोब एक मीटरभर लांब, डक्ट पाच मीटर रुंद. एका बाजूच्या जोडातून बाहेरची हवा आत गळत असेल तर प्रोब त्या बाजूच्या धुराचीच मुलाखत घेतो आणि ती सगळ्या डक्टची म्हणून छापतो. लांबलचक प्रोब टाकला तर तो तापून वाकतो, त्याच्या खाचांत राख भरते. धूर स्वच्छ असेल, पाइप लहान असेल, तिथे प्रोब खुशाल घ्यावा. त्यात मला वाद घालायचा नाही. नमुना बाहेर काढून मोजण्याच्या जुन्या पद्धतीचंही तसंच. अमोनियासारखा वायू नळीच्या भिंतीला असा चिकटतो की डक्टमध्ये तो वाढल्याचं यंत्राला कळेपर्यंत डक्टमधला कमीही झालेला असतो. आणि बोल्टांऐवजी छोट्या मोटारी लावून यंत्रानेच स्वतःला जुळवावं, ही कल्पना ऐकायला छान आहे. पण मळलेल्या काचेपुढे ती मोटार काय करणार? प्रकाश कमी दिसतोय म्हणून ती प्रामाणिकपणे इकडे-तिकडे शोधत राहणार, आणि काच पुसायला माणूस वर चढेल तेव्हा त्याला भलत्याच कोपऱ्यात बघणारं यंत्र सापडणार.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे, आणि तो टाळता येत नाही. प्रमाण तेच राहतं म्हणून प्रकाश कितीही घटला तरी चालेल का? नाही चालणार. सिग्नल घटतो, पण डिटेक्टरची आपली कुजबुज घटत नाही. पाच-सात टक्क्यांपर्यंत उतरलं की खाच त्या कुजबुजीत बुडते आणि यंत्र प्रामाणिक असेल तर माप बाद ठरवतं. शिवाय राख अचानक वाढली की हाताशी थोडं राखीव असावं लागतं. म्हणून सुरुवातीला चांगली अलाइनमेंट हवीच, आणि ती चांगल्या माणसाने, तापलेल्या डक्टवर, घाई नसताना केलेली हवी. त्यानंतर मात्र तिला हात लावण्याआधी काच पुसावी, पर्ज बघावा, आणि आलेख वाचावा. वायूचं माप खरं आहे का हे तपासायचं तर ठाऊक प्रमाणाचा वायू भरलेली एक छोटी नळी किरणाच्या वाटेत ठेवून बघता येतं. त्यासाठी बोल्टला स्पर्शही करावा लागत नाही. ही तपासणी आणि अलाइनमेंट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतकं साधं आहे की बऱ्याच देखभाल करारांत त्या एकाच ओळीत लिहिलेल्या असतात.

या सगळ्याला अलीकडे एक सरकारी धार आली आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना ऑनलाइन मोजमाप यंत्रणा बसवायला सांगितलं. तेव्हापासून कित्येक धुरांड्यांचे आकडे थेट मंडळाच्या सर्व्हरवर जातात, आणि यंत्र ‘माप अवैध’ म्हणालं की फोन वाजतो. फोन वाजला की काहीतरी केलेलं दिसावं लागतं. ‘आलेख बघतोय’ हे फोनवर चांगलं वाटत नाही. ‘माणसं डक्टवर आहेत, अलाइनमेंट चालू आहे’ यात मर्दुमकी आहे. आणि बऱ्याच यंत्रांत एक सोय असते, की आत्ता जितका प्रकाश पोचतोय तोच शंभर टक्के समजावा, असं त्याला सांगता येतं. नवीन काचा, नवी बसवणी असेल तर ही सोय योग्य आहे. पण फोन वाजत असताना, मळक्या काचांनिशी, बोल्ट थोडेफार हलवून झाल्यावर ते बटण दाबलं तर बत्तीसचे शंभर होतात आणि फोन बंद होतो. पडद्यावर शंभर, काचेवर राख, आणि पुढच्या महिन्यात हे शंभर बत्तीसवर आले की खरे किती राहिले असतील याचा गुणाकार करायला कुणी उरलेलं नसतं.

सर्व्हिसच्या बिलाचंही या प्रकरणात योगदान आहे. बाहेरगावाहून आलेला इंजिनिअर, परमिट, हार्नेस, मदतनीस, दोन शिड्या, आणि वर जाऊन त्याने काच पुसली. एवढ्यासाठी व्हिजिट चार्ज लावला तर खरेदी विभागाचा माणूस विचारतो, काच पुसायला इंजिनिअर कशाला, आमचा शिपाई पुसेल. (शिपाई पुसणार नाही, तो हुशार आहे.) तेव्हा सर्व्हिस रिपोर्टात रकाने असे भरले जातात – तक्रार : ट्रान्समिशन कमी. कारण : अलाइनमेंट. केलेली कार्यवाही : अलाइनमेंट चेक व ॲडजस्ट केली, ऑप्टिक्स क्लीन केले. ग्राहकाची सही, शिक्का, आणि खाली लहान अक्षरांत एक सूचना : पर्ज एअरचा फिल्टर बदलावा.